पाच टक्के निधी, घरकुल आणि मधे अडकलेला रॅम्प

घरकुल मंजूर होतं, बांधून होतं, शेवटचा फोटो अपलोड होतो आणि शेवटचा हप्ता खात्यावर पडतो. सरकारी दप्तरात ते घर पूर्ण झालेलं असतं. पण घरात व्हीलचेअर वापरणारं माणूस असेल, तर दारापुढचं दीड फूट जोतं त्याला ओलांडता येत नाही. कुणीतरी उचलून आत न्यायचं, कुणीतरी उचलून बाहेर आणायचं. रॅम्प का नाही, असं विचारलं तर घरकुलाचे अभियंते सांगतात की अंदाजपत्रकात तो नाही. ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर मिळतं की दिव्यांग निधी मार्चमध्येच वाटून झाला. दोघंही खरं बोलत असतात.

या घरात येणारा सरकारी पैसा दोन नळांतून येतो. घरकुलाचा नळ मोठा. तो दिल्ली-मुंबईहून निघतो. त्याची रक्कम, हप्ते आणि अटी सगळं ठरलेलं असतं. दिव्यांग निधीचा नळ बारीक. तो गावातल्याच घरपट्टी-पाणीपट्टीतून भरतो आणि त्याचं काय करायचं हे बरंचसं गावातच ठरतं. रॅम्प, रुंद दार, धरायची दांडी, खुर्चीसारखं बसता येईल असा संडास ही कामं मोठ्या नळाच्या हिशेबात धरलेली नाहीत, आणि बारीक नळापर्यंत ती मागणी कुणी नेत नाही. हे दोन्ही नळ एकाच घरापाशी आणता येतात, पण त्यासाठी कोणता पैसा कुठून, कधी आणि कोणाच्या सहीने निघतो हे कळायला हवं.

टक्का कशाचा?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीचा कायदा १९९५ चा होता. नव्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि आरक्षणासारखे बहुतेक लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना मिळतात. घर आणि पैशाच्या दृष्टीने दोन कलमं पाठ असावीत. कलम ३७ प्रमाणे शेतजमीन आणि घरांच्या वाटपाच्या योजनांत, तसंच गरिबी निर्मूलन आणि विकासाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे. जुन्या कायद्यात गरिबी निर्मूलनाच्या योजनांसाठी हा आकडा ३ टक्के होता. कलम २४ सामाजिक सुरक्षेबद्दल आहे: इतरांना एखाद्या योजनेत जेवढी रक्कम मिळते, त्यापेक्षा दिव्यांगांना तशाच योजनेत किमान २५ टक्के जास्त मिळायला हवी.

कायदा हिस्सा ठरवतो, रक्कम ठरवत नाही. म्हणून कुणी ‘पाच टक्के’ म्हणालं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: कशाचे? घरांच्या संख्येचे, योजनेच्या तरतुदीचे, की ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचे? तिन्ही ठिकाणी पाच टक्के आहेत, तिन्हींचा अर्थ वेगळा आहे, आणि कार्यालयांत माणूस फिरत राहतो त्यामागे बहुतेक वेळा हाच गोंधळ असतो.

पेन्शनचं उदाहरण घेतलं की हे आणखी स्पष्ट होतं. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्या, १८ ते ७९ वयाच्या लोकांना महिन्याला ३०० रुपये देते. हा ३०० चा आकडा २०१२ पासून हललेला नाही. शिवाय तिथे दिव्यांगत्वाची अट ४० नाही, ८० टक्क्यांची आहे. म्हणजे केंद्राच्याच कायद्याने ज्याला लाभाचा हक्क दिला, त्याला केंद्राचीच पेन्शन योजना दारातून परत पाठवू शकते. महाराष्ट्रात हा भार संजय गांधी निराधार अनुदान योजना उचलते. तिथे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र चालतं, आणि २०२५ मध्ये राज्याने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिना १,५०० वरून २,५०० रुपयांवर नेली. कलम २४ मधला ‘२५ टक्के जास्त’चा निकष इथे पूर्ण होतो. पण दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा राज्यातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातलं एक माणूस या दराने १६१ दिवस कामावर गेलं की कुटुंब मर्यादेच्या बाहेर. रक्कम वाढवल्याची बातमी होते. मर्यादा न वाढवल्याने किती जण बाहेर राहिले, हे मात्र कुठे छापून येत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग नोंदले गेले. ही मोजणी २०१६ च्या कायद्याच्या आधीची, त्यामुळे २१ प्रकारांच्या यादीनुसार झालेली नाही. तरतुदी अजूनही याच आकड्यांच्या आधाराने होतात. म्हणून गावाची स्वतःची अद्ययावत यादी असणं फार महत्त्वाचं आहे. तिचा उपयोग पुढे येईलच.

राज्याच्या अंदाजपत्रकातली एक ओळ

राज्याचं अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडलं जातं. भाषण सोडा, तपशिलाची पुस्तकं बघा. शीर्ष म्हणजे खर्चाचं ठरलेल्या क्रमांकाचं खातं. सामाजिक सुरक्षा व कल्याण यासाठीचं प्रधान शीर्ष २२३५ आहे. त्यात २२३५-०२-१०१ या गौण शीर्षाखाली दिव्यांग कल्याणाचा खर्च येतो. घरांसाठीचं शीर्ष २२१६. देशभरात सगळ्या राज्यांत शीर्षांचे हे आकडे सारखेच असतात. दोन शीर्षं, दोन विभाग, दोन सचिव. रॅम्प मधे अडकतो त्याचं मूळ इथे, सर्वात वरच्या पायरीवर आहे. राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग जाहीर झाला, त्याआधी हा विषय सामाजिक न्याय विभागाकडे होता. घरकुल ग्रामविकास विभागाकडे होतं आणि आजही आहे.

प्रत्येक ओळीसमोर चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रांत शेवटचा रकाना छापला जातो. तुम्ही पहिल्यापासून वाचा. मूळ अंदाज १०० आणि सुधारित ६० असेल, तर वर्षाच्या मधे कुठेतरी ४० कापले गेले. प्रत्यक्ष खर्च तर दोन वर्षांनी कळतो आणि तो सुधारितपेक्षाही कमी असू शकतो. कारण मंजूर तरतूद आणि हातात आलेला निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वित्त विभाग तरतूद टप्प्याटप्प्याने, ‘बीम्स’ या संगणक प्रणालीतून खाली सोडतो. पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उतरले तर निविदा, खरेदी, लाभार्थी यादी यांतलं काहीच वेळेत होत नाही आणि रक्कम परत जाते.

वरच्या पातळीवर एका गावातल्या माणसाचं फारसं चालत नाही. ग्रामपंचायतीत मात्र चालतं. म्हणून आता खाली येऊ.

ग्रामपंचायतीचे पाच टक्के: हिशेब कसा मांडायचा

महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपरिषदा-महापालिका या सगळ्यांना आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीला याशिवाय १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवावे लागतात.

स्वतःचं उत्पन्न म्हणजे गावाने स्वतः वसूल केलेला पैसा: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, आठवडी बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं, दाखल्यांची फी, ठेवींवरचं व्याज. वित्त आयोगाचा निधी, आमदार-खासदार निधी, घरकुलाचे पैसे यात धरत नाहीत, कारण ते बाहेरून आलेलं अनुदान असतं.

समजा, एका गावाची घरपट्टीची मागणी ६ लाख रुपये आहे आणि वसुली ४ लाख २० हजार झाली. पाणीपट्टीची मागणी २ लाख ४० हजार, वसुली १ लाख ३० हजार. गाळे भाडं ६० हजार, बाजार फी २५ हजार, दाखले वगैरे ५ हजार. एकूण वसुली ६ लाख ४० हजार. त्याचे ५ टक्के म्हणजे ३२ हजार रुपये.

या साध्या गुणाकारात चार ठिकाणी पैसे गळतात.

पहिली गळती पायाची. फक्त घरपट्टीवर टक्का काढला तर ३२ हजारांऐवजी २१ हजारच निघतात. दुसरी गळती क्रमाची: आधी १५ टक्के काढले, उरलेल्यातून १० टक्के, मग उरलेल्यातून ५ टक्के, असं केलं की ३२ हजारांचे साधारण २४,५०० होतात. तिन्ही टक्के एकूण स्वउत्पन्नावरच काढायचे असतात. तिसरी गळती महिन्याची, आणि ही सर्वात जास्त दिसते. अंदाजपत्रक डिसेंबर-जानेवारीत तयार होतं, पण गावची वसुली फेब्रुवारी-मार्चमध्ये जोर धरते. तरतूद जुन्या अंदाजावर केली आणि वर्षअखेरीला खऱ्या वसुलीवर पुन्हा मांडलीच नाही, तर शेवटच्या दोन महिन्यांच्या वसुलीतला दिव्यांगांचा वाटा कुठेच दिसत नाही. चौथी गळती शिलकीची. ३२ हजारांतले १२ हजार खर्च झाले, तर उरलेले २० हजार पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात याच शीर्षाखाली आरंभीची शिल्लक म्हणून यायला हवेत. ते सामान्य शिलकीत मिसळले की दिवाबत्तीच्या बिलात जातात आणि पुन्हा हाताला लागत नाहीत. या मागे राहिलेल्या रकमेला अनुशेष म्हणतात. पाच-सहा वर्षांचा अनुशेष मोजला तर लहान गावातही रक्कम लाखापुढे जाऊ शकते.

हे तपासायला ग्रामपंचायतीची दप्तरं ठरलेल्या क्रमांकाने असतात. नमुना १ म्हणजे अर्थसंकल्प, नमुना २ पुनर्विनियोजन (मंजूर तरतुदींची फेरवाटणी), नमुना ३ वर्षाचा जमाखर्च, नमुना ५ रोकड वही, नमुना ८ घरांच्या कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ कर मागणीची. ‘दिव्यांग निधीची माहिती द्या’ असं मोघम मागू नका. गेल्या पाच आर्थिक वर्षांचे नमुना १ आणि नमुना ३, आणि दिव्यांग कल्याणाच्या खर्चाची प्रमाणकं (बिलं-पावत्या), एवढं नेमकं मागा. तोंडी मागून मिळालं तर उत्तम. नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज नमुना अ मध्ये, १० रुपये शुल्क लावून द्यायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे. माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. मुदत ३० दिवसांची.

आता वाटपाचं. बऱ्याच गावांत मार्चच्या शेवटी यादीतल्या सगळ्यांना सारखी रक्कम वाटली जाते. ३२ हजार, ३८ नावं, प्रत्येकी ८४२ रुपये. वाद होत नाही, सह्या होतात, खर्च शंभर टक्के दिसतो. लोकांना वर्षानुवर्षं काहीच मिळालेलं नसतं तेव्हा या ८४२ रुपयांचंही मोल असतं, ते कमी लेखण्यात अर्थ नाही. पण या पद्धतीने कोणाच्याही घरात दहा वर्षांनीसुद्धा एक रॅम्प होणार नाही. शासनाने या निधीतून सामूहिक सोयी आणि वैयक्तिक लाभ अशी दोन्ही प्रकारची कामं मान्य केली आहेत. त्यामुळे दरवर्षी दोन किंवा तीन घरांची कामं पूर्ण करायची आणि क्रम ग्रामसभेत उघडपणे ठरवायचा, ही वाट जास्त चांगली. क्रमाचे निकष आधी ठरले तर भांडण होत नाही: ज्याला उचलून न्यावं लागतं तो आधी, त्यातही स्त्रिया आधी, एकटं राहणारं आधी. गावाची यादी यासाठीच हवी. त्यात फक्त नाव आणि टक्के पुरत नाहीत. प्रकार, प्रमाणपत्र कायमचं की तात्पुरतं, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशपातळीवरचं ओळखपत्र) आहे का, घरात नेमकं काय अडतं, एवढे रकाने ठेवा.

घरकुलाच्या यादीत दिव्यांगत्व कुठे मोजलं जातं

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मूळ साहाय्य आहे. केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४०. स्वच्छ भारत मिशनमधून शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून सपाट भागात ९० दिवसांची अकुशल मजुरी वेगळी, म्हणजे ३१२ च्या दराने २८,०८० रुपये. घराचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाची जागा धरून २५ चौरस मीटर, साधारण २६९ चौरस फूट.

यादीत वर-खाली ठरवताना आधी घराची अवस्था बघतात: बेघर, मग शून्य, एक, दोन कच्च्या खोल्या. त्या गटात मग वंचिततेचे गुण. त्यांतला दिव्यांगत्वाचा निकष नीट वाचायला हवा: घरात दिव्यांग सदस्य आहे आणि धडधाकट प्रौढ कुणीच नाही. दोन्ही अटी एकत्र. ज्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) आहे, पण आई-वडील धडधाकट आहेत, त्या घराला या निकषाचा एकही गुण मिळत नाही. प्रत्यक्षात त्या घरात एक पालक कायमचा घरी अडकलेला असतो आणि कमाई निम्मी झालेली असते. गुणांच्या तक्त्याला हे दिसत नाही. धोरणातला हा दोष गावात दुरुस्त होणार नाही, तो वरूनच बदलायला हवा.

म्हणून अशा घरांसाठी पाच टक्क्यांचं आरक्षण हाच रस्ता उरतो. इथेही एक अडचण आहे. योजनेत हा हिस्सा राज्याच्या पातळीवर पाळायचा असतो. एका गावाला वर्षात १२ घरं आली तर त्याचे पाच टक्के म्हणजे ०.६ घर. वीस घरं आली तर एक. त्यामुळे ‘आमच्या गावात दिव्यांग कोटा लागू नाही’ असं सांगितलं जातं तेव्हा त्या एका गावापुरता हिशेब बरोबर असतो. प्रश्न तालुक्याला विचारायचा: तालुक्याला या वर्षी उद्दिष्ट किती, त्यातली दिव्यांग लाभार्थ्यांना किती मंजूर, आणि कोणत्या गावात? हे आकडे पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात असतात.

आरक्षणातून घर मिळालं तर ते दिव्यांग व्यक्तीच्याच नावावर मंजूर व्हायला हवं, असा नियम आहे. सर्वसाधारण यादीत पती-पत्नीचं संयुक्त नाव लागतं. इथे तसं नाही. ही गोष्ट भावकीच्या वाटणीत फार उपयोगी पडते. माणूस अठरा वर्षांपुढचा आणि बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेला असेल, आणि स्वतः करार-सही करणं शक्य नसेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घेता येतं. यासाठी वेळ लागतो. यादीत नाव वर सरकतंय असं दिसताच अर्ज टाका, मंजुरीची वाट बघत बसू नका.

जागेचं कोडं सर्वांसारखंच इथेही आहे. नमुना ८ ला नोंद नसली तर फाइल थांबते. स्वतःची जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी मदत मिळते. अनुसूचित जातींसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास अशा राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. एका यादीत नाव नाही म्हणून थांबू नये.

जोत्यापाशी

आता प्रत्यक्ष बांधकाम. रॅम्पचा उतार १ ला १२ असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर रॅम्प ५.४ मीटर लागतो, जवळजवळ अठरा फूट. २५ चौरस मीटरचं घर म्हणजे समजा पाच बाय पाच मीटर. रॅम्प घराच्या एका अख्ख्या बाजूपेक्षाही लांब! घर जागेच्या पार कडेला आखलं, तर तो बसवायला पुढे जागाच राहत नाही. म्हणून रॅम्पचा निर्णय आखणीच्या दिवशी, चुना टाकताना घ्यायचा असतो. घर बांधून झाल्यावर ती फक्त तडजोड उरते.

जागा कमी असली की गवंडी उतार तीव्र करतात. चार फुटांत दीड फूट चढणारा रॅम्प मोटारसायकल आत घ्यायला सोयीचा, माणसाला धोक्याचा. चढताना खुर्ची मागे उलटते, उतरताना चाकं हातांनी रोखून धरता येत नाहीत. बऱ्याच सरकारी इमारतींपुढचे रॅम्प याच चुकीमुळे वापराविना पडून आहेत. लांबी बसत नसेल तर रॅम्प भिंतीलगत घ्या आणि कोपऱ्यावर वळवा; वळणावर आणि दारापुढे दीड मीटर बाय दीड मीटर सपाट जागा सोडा, म्हणजे खुर्ची फिरवता येते आणि दार उघडताना ती मागे घरंगळत नाही.

साहित्य किती? रुंदी १.२ मीटर आणि लांबी ५.४ मीटर धरली, तर सरासरी उंची २२.५ सेंटिमीटर आणि एकूण घनफळ साधारण १.४६ घनमीटर. म्हणजे अर्ध्या ब्रासच्या थोडं वर. वरचे १० सेंटिमीटर काँक्रीट म्हणजे ०.६५ घनमीटर, त्याला १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात सिमेंटच्या चारेक गोण्या. खाली ठोकून बसवलेला मुरूम. बाजूंच्या विटा आणि कठड्याची दांडी वेगळी. मुरूम नीट न ठोकता घाईने काँक्रीट टाकलं तर पहिल्याच पावसाळ्यात तो खचतो आणि रॅम्प आणि उंबऱ्याच्या मधे पायरी तयार होते. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत घोटू नका, झाडूच्या रेघा मारून खरखरीत ठेवा. कडेला चार बोटं उंच कठडा ठेवा, म्हणजे चाक घसरून खाली जात नाही.

एकूण काम बघितलं तर हे काही मोठं नाही. वरच्या उदाहरणातल्या गावाच्या एका वर्षाच्या निधीत अशी कामं बसू शकतात, हे तुमच्या भागातले दर लावून तपासा.

रॅम्पपेक्षा जास्त चुका संडासात होतात. जमिनीत बसवायच्या भांड्याखाली पाण्याचा सापळा असतो, त्याला जागा मिळावी म्हणून फरशी उंच घेतली जाते. त्यामुळे घरात सहज फिरणारी खुर्ची संडासाच्या दारात येऊन थांबते. उपाय जोत्याच्या वेळीच आहे: संडासाची पातळी खोलीइतकीच ठेवायची आणि खुर्चीसारखं भांडं, बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच येईल असं, बसवायचं. दार ७५ सेंटिमीटरचं ठेवण्याची पद्धत आहे. ते ९० चं करा. दोनच गोष्टींनी फरक पडतो: चौकट मोठी आणि दार बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार लोटताच येत नाही. धरायच्या दांड्यांसाठी त्या भिंतीत वीटकाम भरीव हवं, नुसत्या पातळ आडभिंतीत ठोकलेली दांडी वजन पडताच निघून येते.

आणि आधी माणसाला विचारा. कुबड्या वापरणाऱ्या काहींना लांब उतारापेक्षा कमी उंचीच्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दांडी जास्त सोपी जाते. अंध व्यक्तीला रॅम्पची गरज नसते. तिला पायऱ्यांची उंची सारखी असणं आणि वाटेत अडथळा नसणं महत्त्वाचं. अंशतः दिसणाऱ्याला पायरीच्या कडेला ठळक रंगाचा पट्टा पुरतो.

दोन नळ एका घरापाशी कसे आणायचे

सगळा खेळ तारखांचा आहे. नोव्हेंबरमध्ये गावाची दिव्यांग यादी अद्ययावत करा आणि त्या वर्षी घरकुल मंजूर झालेल्या किंवा होऊ घातलेल्या नावांशी ताडून बघा. दोन्ही याद्यांत असलेली घरं वेगळी काढा. लहान गावात ती दोन-तीनच निघतील. प्रत्येक घरासाठी एका पानाचं लेखी मागणीपत्र तयार करा: जोत्याची उंची, रॅम्पची लांबी, दारांची मापं, संडासाचा प्रकार. डिसेंबरमध्ये ते ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या, म्हणजे येत्या वर्षाच्या नमुना १ मध्ये त्यासाठी तरतूद मागता येते. ‘दिव्यांग कल्याण’ एवढ्याच शब्दांची ओळ न ठेवता ‘दिव्यांग कल्याण: घरकुलात सुगम्य सुविधा’ अशी उपओळ टाकून घ्या. ओळ नेमकी असली की मार्चमध्ये ती सहज वाटपाकडे वळवता येत नाही.

मग ग्रामसभा. वर्षात किमान चार होतात, २६ जानेवारीची अंदाजपत्रकाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही की ठराव लांबतो, म्हणून ज्या घरांचं काम आहे त्यांच्या शेजाऱ्यांना आणा. ठरावात लाभार्थीचं नाव, काम, कमाल रक्कम आणि निधीचं शीर्ष या चार गोष्टी असाव्यात. इतिवृत्ताची प्रत लगेच मागा.

ग्रामपंचायत आणि घरकुल यांचे पैसे एकाच बिलात मिसळू नका. घरकुलाचा हप्ता थेट लाभार्थीच्या खात्यावर, टप्प्याच्या फोटोवर येतो. रॅम्पचं काम दिव्यांग निधीतून, वेगळ्या अंदाजपत्रकाने आणि वेगळ्या प्रमाणकाने होतं. एकाच कामावर दोन निधी दिसले की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, आणि एकदा आक्षेप निघाला की पुढची पाच वर्षं कोणी सही करत नाही. दार आणि संडासाची पातळी यांना मात्र फारसा जादा खर्च नाही, ते घरकुलाच्याच बांधकामात करून घ्या. गरज पडली तर जिल्हा परिषदेच्या सेसमधल्या (स्वतःच्या उत्पन्नातल्या) ५ टक्क्यांतून, समाजकल्याण विभागाकडे साहित्यासाठी स्वतंत्र अर्ज करा.

रोजगार हमीच्या ९० दिवसांचा प्रश्न आधीच सोडवा. घरात काम करू शकणारं कुणी नसेल तर ती मजुरी बुडते, कारण मस्टर (हजेरीपट) जॉबकार्डवर निघतं. दिव्यांगांनाही रोजगार हमीत झेपेल असं काम मिळू शकतं, त्यामुळे त्यांचं स्वतःचं जॉबकार्ड काढून ठेवा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर आधार आणि बँकेची अडचण पहिल्या हप्त्याआधीच मिटवा.

नकार मिळाला तर पायऱ्या अशा: गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणं कलम २३ प्रमाणे सक्तीचं आहे; नेमलाच नसेल तर तीच पहिली तक्रार. त्यावर राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, ज्यांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं अशा बाबतींत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कायदा मोडल्याबद्दल कलम ८९ मध्ये पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. तक्रारीत भावना कमी आणि आकडे जास्त लिहा: कोणत्या वर्षी स्वउत्पन्न किती, त्याचे पाच टक्के किती, खर्च किती, अनुशेष किती, कोणत्या नमुन्यात ते दिसतं. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि दारातल्या जोत्याचा, बाजूला मोजपट्टी धरलेला एक फोटो जोडा.